पेटी घेऊन आटगावला

आम्ही नाशिककर कसारा घाट उतरतो तो मुंबईला जायला. मधे शहापूर, मुरबाड असे तालुके आहेत, तिथे माणसं राहतात, जेवतात, भांडतात, हे आम्हाला रस्त्यावरच्या पाट्यांवरून माहीत. पन्नाशी उलटेपर्यंत मी तिथे एकदाही गाडीतून खाली उतरले नव्हते. उतरले ते गेल्या कार्तिकात, आणि तेही एका लोखंडी पेटीपायी.

पेटीचं आधी सांगते. अंबडला आमचा छोटा कारखाना आहे. ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, लष्कराच्या ट्रकमध्ये बसवायची एक पेटी तयार केली. बॅटरीची वीज तिच्यात येते आणि तिथून वायरलेसला, दिव्यांना वाटली जाते. आता अशी पेटी लष्कर काही तोंडाकडे बघून घेत नाही. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तिला थरथरणाऱ्या टेबलावर जखडतात, तासन्‌तास हलवतात, मग वर धक्के देतात. डोंगरातल्या रस्त्यांवर ट्रक वर्षानुवर्षं जे सोसणार, ते दोन दिवसांत सोसायला लावतात. आमची पेटी एकदा यात नापास झाली होती. आतली एक पट्टी तडकली. ह्यांनी सगळं नव्याने आखलं. दुसरी संधी मिळाली, तिसरी मिळणार नव्हती.

निघायच्या आदल्या दिवशी हे म्हणाले, "यावेळी नाही जमलं तर शटर ओढून टाकू. आता माझ्याच्याने होत नाही." रागाने म्हणाले असते तर मी चांगली भांडले असते. पण शांतपणे म्हणाले, आणि मी मुकाट्याने पिशवी भरायला घेतली.

कसारा

ह्यांचा रक्तदाब वाढलेला, डॉक्टरांनी प्रवास बंद केलेला. म्हणून मी आणि दिलीप भावोजी निघालो. भावोजी म्हणजे माझे धाकटे दीर. कारखान्यातली सगळी जुळणी त्यांच्या हातची. टेम्पोही तेच चालवत होते.

ज्या पेटीला दोन दिवस हादरे द्यायचे, तिला घाटात हादरा बसू नये म्हणून मी घरातली कापसाची गादी तिच्याखाली घातली होती. हसायचं असेल त्याने हसावं. घाटातल्या प्रत्येक वळणावर मी "हळू, हळू" करत होते.

"वहिनी, याहून हळू गेलो तर उलटे नाशिकला पोचू," भावोजी म्हणाले.

खाली घाटाचं धुकं सुटलं आणि हवा एकदम जड झाली. नाशिकहून निघताना अंगावर घेतलेली शाल मी काढून ठेवली. कसाऱ्याला रेल्वेचे कामगार चहाच्या टपरीवर दाटीवाटीने उभे होते. चहा आला तो आलं घालून, साखर आमच्या दुप्पट. मी मात्र चहा सोडून ताडपत्रीकडे बघत बसले.

"भावोजी, एकदा बघा ना. घाटात काही ढिलं झालं असेल तर?"

एवढंच बोलले मी. आमच्या कारखान्याची एक रीत आहे. कुठलाही माल बाहेर पडताना भावोजी त्याच्यावर शेवटचा हात फिरवतात, म्हणजे प्रत्येक बोल्ट पान्याने जरा आवळून बघतात. त्याशिवाय माल हलत नाही. यावेळी निघायच्या घाईत तो हात राहिला होता आणि भावोजींचे हात सकाळपासून शिवशिवत होते. त्यांनी ताडपत्रीखाली पाना घातला आणि न बघता, नुसत्या अंदाजाने, हाताला लागला तो एकेक बोल्ट आवळला. हात पुसत बाहेर आले तेव्हा चेहरा असा, की गंगेत न्हाऊन आलेत.

मलाही बरं वाटलं. मी तो गार झालेला चहा प्याले आणि भजी मागवली.

आटगाव

प्रयोगशाळा आटगावजवळ, आणि आमची उतरायची सोय तिथल्या मंदाताईंकडे होती. त्यांचे मालक रोज लोकलने कल्याणला नोकरीला जातात, आणि मागे मंदाताई दोन खोल्या पाहुण्यांना देतात. पाहुणे म्हणजे सगळे आमच्यासारखेच, काहीतरी हादरवून घ्यायला आलेले.

"या, या. टेस्टिंगवाले ना तुमी? हातपाय धुवा. पानी तापवलंय," असं त्यांनी दारातूनच स्वागत केलं.

घर नीटनेटकं, पडवीत बुद्धमूर्ती, पुढे मेणबत्ती. मागच्या बाजूला कापणी झालेली भातखाचरं, आणि त्यांच्या पलीकडे माहुलीचे सुळके एकमेकांना चिकटून उभे. आमच्याकडे डोंगर असे अंगावर येत नाहीत, लांब लांब बसतात. भाताच्या पेंढ्यांचा वास सगळीकडे भरला होता. दुसरी वेळ असती तर मी खुर्ची टाकून बसले असते.

पण आधी पेटी. टेम्पो पडवीशी लावला, मी ताडपत्री बाजूला केली आणि तिथेच माझ्या तोंडचं पाणी पळालं.

लष्कराच्या वतीने तपासणी करणारे कदमसाहेब आठवड्यापूर्वी आमच्याकडे येऊन गेले होते. निवृत्त सुभेदार, उभट चेहऱ्याचे, कमी बोलणारे. त्यांनी प्रत्येक बोल्ट ठरलेल्या जोराने समोर आवळून घेतला आणि त्यावर पिवळ्या रंगाची बारीक रेघ ओढली, अर्धी बोल्टच्या डोक्यावर आणि अर्धी पेटीवर. बोल्ट जरा जरी फिरला तरी रेघ तुटणार आणि त्याला कोणीतरी हात लावल्याचं कळणार. आता पुढच्या बाजूची प्रत्येक रेघ तुटलेली होती. डोक्यावरचा तुकडा एकीकडे, पेटीवरचा दुसरीकडे.

भावोजींनी बघितलं आणि मटकन टेम्पोच्या पायरीवर बसले. "मला वाटलं, रेघ म्हणजे तपासलं एवढंच. वहिनी, मी दादाला काय तोंड दाखवू?"

खरं तर मला त्यांच्यावर खेकसायचं होतं. पण बघा म्हणाले होते मीच.

तेवढ्यात ह्यांचा फोन. "पोचलात? सगळं ठीक?"

"ठीक," मी म्हणाले.

शहापूर

त्या संध्याकाळी मी शहापूरच्या बाजारात गेले. भावोजींना सांगितलं, भाजी बघून येते. शहापूरची भेंडी खरोखर बघण्यासारखी असते, कोवळी, हिरवीगार, आणि ढीगच्या ढीग. मी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ बांगड्यांच्या दुकानात शिरले आणि म्हणाले, "पिवळी नेलपॉलिश द्या."

"हळदीला का?" दुकानदारीणबाईने विचारलं.

"हो. मुलीची हळद आहे." मला मुलगी नाही. दोन्ही मुलगेच आहेत.

"मंग ही घ्या ना, चमकीवाली. सगल्या पोरी हीच नेतात."

"चमकी नको!" मी अशी ओरडले की बाजूची बाई बांगड्या भरता भरता थांबली. बिचाऱ्या दुकानदारीणबाईने मुकाट्याने चार छटा पुढे मांडल्या. मी मोबाइलमध्ये काढलेला पेटीचा फोटो बघून रंग जुळवला. अगदी तोच मिळाला. बाटली पर्समध्ये टाकली तेव्हा मी चोरी केल्यासारखी इकडेतिकडे बघत होते. नखांना रंग मी लग्नात लावला होता, त्यानंतर कधी नाही.

जेवायला मंदाताईंनी तांदळाची भाकरी, सुकट आणि वालाचं बिरडं केलं होतं. आमच्याकडे बाजरीची भाकरी, ती तोडायला जोर लागतो. ही हातात घेताच दुमडली. चव चांगली असणार. मला कळली नाही.

मंदाताई आमच्या ताटांकडे बघत म्हणाल्या, "आमाला जेवनावरूनच समजतं. पास झालेला मानूस तीन भाकऱ्या खातो, फेल झालेला पानी पिऊन उठतो. पन तुमची टेस्ट तर उद्या हाय ना? मग आजच कशाला गो ताई पानी पिता?"

मला रडूच आलं. मी त्यांना सगळं सांगितलं, नेलपॉलिशसुद्धा. त्यांनी ना उपदेश केला ना हळहळ. नुसतं म्हणाल्या, "लावा नायतर नको लावा. पन आधी भाकरी खावा. उपाशीपोटी मानूस चुकीचाच करतो." आणि माझ्या ताटात बिरडं वाढलं.

सकाळी पेटीपाशी बाटली हातात घेऊन उभी राहिले. भावोजी म्हणाले, "तुम्ही लावा वहिनी, मी हात लावला की घोटाळाच होतो." रेघ कशी ओढायची ते मला समजत होतं. जुनी पुसायची, नवी ओढायची, पाच मिनिटांचं काम. पण मागच्या वेळी पेटी नापास झाल्यावर हे महिनाभर रात्री उठून बसत होते, कारण पट्टी का तडकली ते त्यांना समजत नव्हतं. आता मी रंग फासला आणि पेटी पास झाली, तर ती ह्यांची पेटी पास झाली का भावोजींच्या पान्याची, हे कोणाला सांगता आलं असतं? नापास झाली तर हे पुन्हा तसेच उठून बसणार, आणि कारण मला माहीत असूनही मी तोंड दाबून शेजारी झोपणार. नाही जमणार बाई मला, म्हटलं. बाटली पर्समध्ये टाकली आणि टेम्पोत बसले.

मुरबाडचा रस्ता

कदमसाहेब प्रयोगशाळेच्या फाटकातच उभे होते. मी नमस्कारही केला नाही, आधी सांगून टाकलं. कसाऱ्याला काय झालं, कोणी म्हटलं, कोणी आवळलं, सगळं. भावोजी मागे मान खाली घालून उभे.

साहेबांनी पेटीभोवती एक फेरी मारली. तुटलेल्या रेघा बोट ठेवून मोजल्या. 

"जादा ताणलेला बोल्ट मी टेबलावर चढवू देणार नाही," ते म्हणाले. "फिरवलेले सगळे काढा. त्याच प्रतीचे नवे, प्रमाणपत्रासकट आणा. टेस्ट अजून सुरू झालेली नाही, म्हणून एवढं करू शकतो. दुपारी टेबल तुमचं आहे. ते गेलं तर मी काही करू शकत नाही."

टेबल गेलं की पुढची तारीख उन्हाळ्यात, आणि तोवर लष्कराने दिलेली मुदत संपत होती. आमच्याकडे जादा बोल्ट होते दोनच. प्रयोगशाळेतली इंजिनिअर स्वप्नाली, मुरबाडकडच्या वैशाखऱ्याची चुणचुणीत मुलगी, तिने फोन फिरवले. "मुरबाडला आमच्या ओळखीचं दुकान हाय. माल हाय त्यांच्याकडं. पन शेठ आता कापणीला शेतावर गेलेत, दुकान बंद. तुमी शेतावरच जा."

प्रमाणपत्र स्वतः बघायचं म्हणून साहेबही टेम्पोत बसले. आता नाशिकची सवय, पहिल्या दहा मिनिटांत माझं त्यांना चिवडा, लाडू, चहा, तिन्ही विचारून झालं. "मी पुरवठादाराचं पाणीही पीत नाही," ते म्हणाले आणि स्वतःची बाटली उघडली. मी डबा परत पिशवीत ठेवला.

रस्त्याला दोन्ही बाजूंनी भाताची खळी लागली होती. समोरून गवताच्या गाठींनी फुगलेले ट्रक यायचे आणि अर्धा रस्ता अडवून जायचे. ते गवत मुंबईच्या तबेल्यांना जातं म्हणे. प्रत्येक ट्रकमागे अडकलो की मी घड्याळ बघायची. शेवटी साहेबच बोलले.

"डोंगरात आमच्या गाडीत अशीच पेटी होती. कोणीतरी वाटेत काळजीने आवळली, सांगितलं नाही. बोल्टचे आटे गेले. पेटी बंद, वायरलेस बंद. कोणी दगावलं नाही. पण मदत मागायला आवाजच नव्हता. त्या वेळी जे वाटलं ना ताई, ते अजून वाटतं." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आवळल्याचा मला राग नाही. न सांगण्याचा आहे."

माझ्या मांडीवरची पर्स मला एकदम जड लागायला लागली.

मुरबाडच्या पुढे शेठ सापडले. गुडघ्यापर्यंत धोतर, हातात विळा. "येतो ना! एवढे भारे खळ्यावर टाकले का लगेच निघू. उन्हात सोडले तर दाने गळतात." भारे होते चिक्कार. भावोजींनी माझ्याकडे बघितलं, मी पदर खोचला, आणि आम्ही दोघं भारे उचलायला लागलो. भाताची कुसं मानेत घुसतात ते त्या दिवशी कळलं. वळून बघते तर कदमसाहेब, शर्टाच्या बाह्या दुमडून, डोक्यावर भारा घेऊन चाललेले.

"साहेब, हे चालतं का नियमात?" मी विचारलं.

"मी शेठना मदत करतोय. ते माझे पुरवठादार नाहीत," साहेब म्हणाले, आणि पहिल्यांदा हसले.

बोल्ट मिळाले, प्रमाणपत्र साहेबांनी दोनदा वाचलं. परत येऊन ते ठरलेल्या जोराने आवळले, साहेबांसमोर. मग साहेबांनी खिशातून रेघ ओढायचं पेन काढलं. ते पार वाळून गेलेलं. झटकलं, फुंकलं, टोक उंबऱ्यावर घासलं. काही नाही. शहापूरला माणूस पाठवला तर टेबलाची वेळ जाणार. स्वप्नालीकडे पेन होतं ते निळं, साहेबांना पिवळंच हवं.

मी पर्स उघडली आणि बाटली टेबलावर ठेवली. 

साहेबांनी बाटली हातात घेतली, पेटीवरच्या जुन्या रेघेशेजारी धरली. रंग तंतोतंत तोच. माझ्याकडे पाहिलं. मग झाकणाभोवतीचा प्लॅस्टिकचा पापुद्रा बघितला, तो अजून तसाच होता. नखाने तो त्यांनीच फोडला. "चांगला रंग आहे," एवढंच म्हणाले, आणि त्या इवल्याशा ब्रशने सगळ्या रेघा स्वतः ओढल्या. भावोजींनी इतका मोठा सुस्कारा सोडला की स्वप्नालीला हसू आलं.

टेबलापाशी

एक मोठं ढोलासारखं यंत्र, त्याच्यावर जाड टेबल, टेबलावर आमची पेटी. पेटीला जोडलेला एक दिवा बाहेर टांगला होता. टेबल हलत असताना तो क्षणभर जरी मिटला तरी नापास. स्वप्नालीने कानात घालायला बोळे दिले आणि यंत्र सुरू केलं.

आधी जात्यासारखी घरघर. मग आवाज चढत चढत शिट्टीवर गेला. मधे एका ठिकाणी पेटीच्या कडा धूसर दिसायला लागल्या, नीट कुठे सुरू होते आणि कुठे संपते तेच कळेना. मागच्या वेळी पट्टी तडकली ती इथेच. मी दिव्याकडे बघत होते. पापणी हलवायची भीती वाटत होती, जणू माझ्या पापणीनेच दिवा मिटणार. मग नाही बघवलं. बाहेर जाऊन पायरीवर बसले, पुन्हा आत आले, पुन्हा बाहेर.

तो दिवस गेला, दुसरा आला. पेटी एका बाजूने हलवली, मग आडवी करून, मग तिसऱ्या बाजूने. मंदाताईंनी डबा पाठवला होता, भावोजींनी तो उघडला आणि तसाच बंद केला. हे दर तासाला फोन करायचे, मी "चालू आहे" म्हणायची. 

शेवटी धक्के. टेबल एकदम उसळायचं आणि थाडकन थांबायचं. प्रत्येक धक्क्याला खोलीतली जमीन माझ्या टाचांत शिरायची. भावोजी भिंतीकडे तोंड करून उभे होते. मी मात्र यावेळी डोळे मिटले नाहीत. म्हटलं, त्या पेटीला बसतंय ते आपण निदान बघू तरी.

यंत्र थांबलं. दिवा लागलेलाच होता.

साहेबांनी पेटी उघडली. आतल्या पट्ट्यांवरून बोट फिरवलं, टॉर्चच्या उजेडात भिंग लावून बघितलं. मग बाहेरची एकेक रेघ. एकही तुटली नव्हती. कागदावर काहीतरी लिहिलं आणि मान वर न करता म्हणाले, "बोल्ट बदलल्याची नोंद अहवालात राहील. बाकी पेटी ठीक आहे. पास."

भावोजी खाली वाकून साहेबांच्या पायाच पडायला निघाले, साहेब दोन पावलं मागे सरकले. मी बाहेर आले आणि ह्यांना फोन लावला.

त्यांनी पहिल्याच रिंगला उचलला. "हं?"

मी तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. हमसून हमसून रडायलाच लागले. फोनवर नुसतं माझं रडणं.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग हे म्हणाले, "असू दे गं."

मी मान हलवत होते, पण फोनवर मान काय दिसणार!

"ऐकतेस ना? असू दे. दिलीपला काही बोलू नको, त्याने जीव तोडून केलंय. पट्टीच गेली असेल, नाहीतर माझ्या आखणीतच खोट असेल. शटरबिटर काही ओढायचं नाही. ते मी आपलं बोललो. लष्कराचं नाही तर दुसरं काहीतरी करू, उद्या सकाळी कारखाना उघडायचा आहे. तू रडू नको. सावकाश या. घाट दिवसाउजेडी चढा. मी भात लावून ठेवतो."

लग्नाला इतकी वर्षं झाली, हे माझ्याशी एका दमात इतकं कधी बोलले नव्हते. मी डोळे पुसले, आवाज सापडला होता, पण मी गप्प राहिले. त्यांना सगळं बोलू दिलं. मग सांगितलं, पास.